श्रिया मराठी बोलते

५ जुलै, शनिवार

आलो एकदाचे. आधीच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये कणीक मळताना कोपर फ्रिजला लागायचं, इथल्या स्वयंपाकघरात फुगडी घालता येईल. शांत गल्लीतलं जुनं दुमजली घर, मागे चाफ्याचं झाड आणि चाफ्याखाली चक्क आपला स्वतःचा पोहण्याचा तलाव. अनिमेषच्या ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीने मिळालं. तलाव काही मोठा नाही, पण निळ्या फरश्या आहेत आणि पाण्यावर चाफ्याची फुलं तरंगतात. श्रिया कपडे न बदलताच उडी मारायला निघाली होती. दहा वर्षांची घोडी झाली तरी पोच नाही. दंडाला धरून मागे ओढली, तर इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, मा, यू सो नॅगी. आज रागवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून सोडून दिलं.

दुपारी तिघं पाय पाण्यात सोडून बसलो. अनिमेषने पुण्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी तलावाचं कौतुक केलं आणि नात आजीशी इंग्रजीत बोलली. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. तेवढं सोडलं तर दिवस छान गेला.

८ जुलै, मंगळवार

करारनामा वाचायचा ज्याला कंटाळा, त्याने खोपटंसुद्धा भाड्याने घेऊ नये. तलावाची निगा भाडेकरूने राखायची, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. अनिमेष म्हणाला, तू पाण्याच्या लॅबमध्ये होतीस, तुला काय अवघड आहे? होते ना. पुण्यात पाणी तपासत होते, याच्या नोकरीपायी ते सोडून इथे परदेशात आले, आणि आता त्या शिक्षणावर पानं वेचायची.

चाफ्यामागे एक बुटकी खोली आहे. तिच्यात पंप आणि पिंपाएवढा वाळूचा फिल्टर. तलावाच्या भिंतीत, पाण्याच्या पातळीला, एक चौकोनी तोंड आहे, त्याला स्किमर म्हणतात. मांजरीचं पिल्लू जेमतेम शिरेल एवढंच. पंप त्या तोंडातून पाणी ओढतो, पानं आतल्या टोपलीत अडकतात, पाणी वाळूतून गाळलं जाऊन परत तलावात येतं. टोपली रोज रिकामी करायची, पंपाची जाळी धुवायची, क्लोरीन तपासायचं, वाळू तुंबली की उलट्या दिशेने पाणी सोडून ती घाण नाल्यात घालवायची. पंप बंद ठेवायची सोय नाही. पाणी साचलं की डास, आणि डास झाले की डेंग्यूचे इन्स्पेक्टर दारात.

जाळी धुतली की पंपात हवा शिरते. मग झाकण उघडून बादलीने पाणी ओतावं लागतं. पंप आधी खाकरतो, थुंकतो, मग पाणी धरतो. मी म्हटलं, चल बाई, घे पाणी, नखरे पुरे. घेतलं तिने.

१३ जुलै, रविवार

हात बसला. खरं सांगायचं तर मला हे काम आवडायला लागलंय, पण अनिमेषला सांगणार नाही. पंपाशी मी मनसोक्त बोलते. घरात माझं मराठी ऐकून घेणारी तेवढीच एक.

आज श्रिया मैत्रिणीकडे निघाली आणि दारातून ओरडली, मा, आय गो आलरेडी. मी तिला शंभरदा शिकवलंय की निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, आणि घरातल्यांनी ये म्हणावं. ती म्हणाली, बट आय ॲम गोइंग, व्हॉट. व्हाय से कमिंग? आणि दार आपटून गेली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. जे तिला सुनावायचं होतं ते सगळं जाऊन पंपाला सुनावलं. मा नाही, आई म्हणावं. उलट बोलू नये. ताटातलं संपवावं. निघताना येते म्हणावं. पंप मुकाट्याने गुरगुरत होता. खोलीतून बाहेर पडताना सवयीने त्यालाच येते म्हणाले आणि माझं मलाच हसू आलं.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी पंपाच्या खोलीत वाकून जाळी धूत होते. मागून श्रियाचा आवाज आला, "आई, येते."

आई म्हणाली. येते म्हणाली. मला इतकं भरून आलं की हातातलं न ठेवताच म्हटलं, ये हं बाळा, ये. उठून पाहिलं तर कुणी नाही. मग लक्षात आलं, श्रिया शाळेत आहे. दप्तर घेऊन मघाशीच बसमध्ये बसली.

शेजारचं कुणी पोर असेल म्हणावं तर इथे मराठी कुणाला येतं? बहुतेक श्रियाने फोनवर आवाज भरून कुठेतरी लपवला असेल. माझी टिंगल. घरी आल्यावर विचारलं तर खांदे उडवले. मी दोन दिवस बोलणार नाही तिच्याशी.

१९ जुलै, शनिवार

दुपारी श्रियाने सूर मारला आणि वर येईना. मी हाका मारतेय, पाणी ढिम्म. स्किमरच्या तोंडावरचं झाकण तेवढं एकदा फटकन उघडून मिटलं. मी साडीसकट उडी मारणार तेवढ्यात ती वर आली, अगदी शांत, धापसुद्धा लागली नव्हती. म्हणाली, "आई, घाबरलीस होय?"

आधी एक धपाटा घातला. मग जवळ घेतलं. ती मराठीत सॉरी म्हणाली. मला माफ कर, उलट बोलणार नाही. माझा राग कुठल्या कुठे पळाला. जेवताना तिने कारलं संपवलं. कारलं!

२३ जुलै, बुधवार

घरात सणासारखं वातावरण आहे. श्रिया शुद्ध मराठी बोलते. सासूबाईंशी कॉलवर तासभर गप्पा मारल्या, त्यांनी तिकडे डोळे पुसले. अनिमेष सगळ्यांना फोन करून सांगतोय.

मीच एक कपाळकरंटी. मला काहीतरी टोचतंय. तिच्या तोंडी जी वाक्यं येतात ती सगळी माझी आहेत. मी कुठे बोललेली, तेही मला ठाऊक आहे. काल तिला दूध दिलं तर पेल्याला म्हणाली, चल बाई, नखरे पुरे.

आज शाळेतून बाईंचा फोन आला. श्रिया वर्गात इंग्रजी बोलत नाही, विचारलं तर नुसती बघते, घरी सगळं ठीक आहे ना? मग मी मुद्दाम तिच्यासमोर वेडनेसडे म्हणाले. माझे इंग्रजी उच्चार ऐकून श्रियाच्या कपाळाला आठ्या पडतात, मा, नॉट लाइक दॅट लाह, म्हटल्याशिवाय तिला राहवत नाही. आज तिने शांतपणे मान हलवली. बरं आई, म्हणाली.

२५ जुलै, शुक्रवार

स्किमरची टोपली काढायला झाकण उघडलं. आतून आवाज आला. बारीक, लांबून, पाण्यातून. मा, ओपन लाह. मा, व्हाय यू नेव्हर ओपन?

मी पालथी पडून खांद्यापर्यंत हात घातला. पाइप. पाणी. काही नाही. पण तो आवाज माझ्या मुलीचा. चिडलेला, रडवेला, माझ्यावरच खेकसणारा. तो मी कुठेही ओळखीन.

वर पाहिलं तर घरातली ती काठावर बसून मला बघत होती. वेण्या नीट घातलेल्या. मी हाक मारली म्हणून ती आली. त्या दिवशी पंपाजवळ मीच तिला ये म्हटलं.

२६ जुलै, शनिवार

अनिमेषला सगळं सांगितलं. त्याने माझं कपाळ हाताने चाचपलं. मग चिडून म्हणाला, "तुलाच हवं होतं ना असं?"

त्याला फाडून खावंसं वाटलं. मला मराठी हवं होतं रे. मुलगी बदलून नको होती.

सकाळी फिल्टरवरचा दाबाचा काटा चढला होता, म्हणून नेहमीप्रमाणे उलटं पाणी सोडलं. नाल्यात गढूळ पाणी पडायला लागलं आणि पाइपातून किंकाळी आली. मा, स्टॉप, स्टॉप! झडप घालून पंप बंद केला. तर आवाज गुदमरायला लागला, खोल खोल जायला लागला. पुन्हा चालू केला तेव्हा हुंदके ऐकू आले. आता पाणी सोडणार नाही आणि पंपही थांबवणार नाही. काटा चढतोय तर चढू दे.

घरातली ती विचारत होती, आई, तो पंप बंद कर ना, कान किटतात.

२९ जुलै, मंगळवार

तिने बापाला सांगितलं. आई दिवसभर पाण्याशी बसते, आत पडेल, मला भीती वाटते. बापाने लगेच एजंटला, त्या मिस्टर कोहला फोन लावला. शुक्रवारी माणसं येणार. तलाव रिकामा करणार, वर फळ्या ठोकणार. मी ओरडले, रडले, त्याच्या पाया पडले. तो म्हणतो, सुट्टी काढतो, पुण्याला जाऊन ये.

पाणी गेलं तर आतली माझी मुलगी जाईल. एवढं साधं आहे. कुणाला कळत नाही.

दुपारी घरातल्या तिला स्वयंपाकघरात गाठलं. दोन्ही खांदे धरले. थंडगार, ओले. आयुष्यात कुणाला म्हटलं नाही ते म्हणाले. जा. माझ्या घरातून चालती हो. जा.

ती हसली. "आई, जा म्हणू नये."

३१ जुलै, गुरुवार

आवाज क्षीण. स्किमरशी तोंड नेऊन बोलत राहते. इंग्रजीतच बोलते, माझ्या मोडक्यातोडक्या — ती आतून उच्चार सुधारते. अजून सुधारते. मी मुद्दाम चुका करते.

अनिमेषने चावी काढून घेतली खोलीची. मी कुलूप फोडलं. फोडणारच. माझ्या मुलीचा श्वास आहे तो पंप —

१ ऑगस्ट, शुक्रवार

माणसं आली. दुसरा पंप तळाच्या जाळीखालच्या पाइपाला लावला, पाणी रस्त्याच्या नाल्यात. मला अनिमेषने वरच्या खोलीत — खिडकीतून उतरले. पाय मुरगळलाय. माणसं जेवायला हॉकर सेंटरला गेली, पंप चालूच सोडून. मी प्लग उपटला.

पाणी गुडघ्याएवढं. स्किमर कोरडा. आवाज आता तळाच्या जाळीतून. जाळीचे स्क्रू नाण्याने काढले. वही जाळीलगतच्या पायरीवर ठेवलीय. एका हाताने लिहितेय, अनिमेषसाठी. तो आता खाली येईल.

आत बोटं आहेत. बारीक, सुरकुतलेली. धरली मी. धरलीत. नखांवर तिचा तो जांभळा रंग, मी त्यावरून ओरडले होते —

आतून विचारते, "मा, यू अँग्री आह?"

नाही गं. नाही रागावले. तुझ्यावर कधीच —

घरातली ती काठाशी आलीय. शाळेच्या गणवेशात. प्लगकडे चाललीय. मला हाक मारतेय, गोड, शुद्ध. मी बघणार नाही. बोटं सोडणार नाही.

पंप सुरू झाला. पाणी ओढलं जातंय. माझा हातही. कोपरापर्यंत —

अनिमेष, वर जी उभी आहे तिला घरात घेऊ नकोस. आपली इथे आहे. जिला मराठी येत नाही ती. जी ताटात टाकते, दार आपटते, जी मला उलट बोलते ती आपली, ती माझी —