उघड्या तोंडाचं अक्षर

सोमवार, ४ मार्च
वहीबाई, गेल्या वेळी आपण कुठे थांबलो ते तुला आठवत नसणारच. सगळं तुझ्या पोटात, तरी तू विसरतेस. मला लिहिता येत नाही, तरी सगळं पाठ! असो. मी सांगते, नात लिहिते, मध्येच स्वतःचं घुसडते.

नातीने कॉम्प्युटरवर नवा टंक, म्हणजे अक्षरांचं नवं वळण, काढलाय. अक्षरं अशी जाड, चौकोनी, की टेकवली तर भिंत सरकेल. नाव ‘घण’. कारखान्याच्या पाट्यांसाठी. शुक्रवारी साहेबांना दाखवायचाय. पसंत पडला तर पहिली पाटी प्रेस मशीनवर — ‘धोका’. तिचं पहिलंच काम.

मी पॅकिंगमध्ये एकतीस वर्षं खोक्यांवर पत्र्याच्या छापाने अक्षरं उमटवली. एकही वाचलं नाही, एकही चुकलं नाही. (एकदा छाप उलटा लागला. चाळीस खोकी. ते मी धरत नाही.)

मंगळवार
कागद चौदा पावलांवर. वाचता येणारे अर्धं अंदाजाने वाचतात, मी नुसता आकार बघते — म्हणून तपासायला मीच. एका अक्षराचं तोंड वरून उघडं, दुसऱ्याचं बंद, म्हणे. (ध आणि घ, आजी!) मला दोन्ही बंद दिसली. तोंड उघडं राहिलं ते नातीचं.

बुधवार
तिने फट वाढवली. तरी बंदच. सुनेला, शेजारच्या शिंप्याला स्वच्छ दिसतं. सून म्हणाली, आई, आता पुरे करा, पोरगी जेवायला उठत नाही. मी हटले नाही. ह्यांची दोन बोटं प्रेसमध्ये गेली तेव्हाही पाटी होतीच. नाजूक अक्षरांची, आमंत्रणपत्रिकेसारखी!

नातीला म्हटलं, तुझा हा पहिलवान दोन शब्द उचलेल — गेटवर, खोक्यावर, मशीनवर. त्याला अख्खं पान उचलायला लावू नकोस. पत्र लिहिलंस तर लोकांना वाटेल भांडतेयस.

गुरुवार
पुन्हा बंद. नातीने कागद ठेवला, बोटं धरली. किती? मी म्हटलं, तीन. तिने माझ्या चपला पुढ्यात आणून ठेवल्या. म्हणजे तीन नसावीत.

डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. तीन दिवस परीक्षा माझीच चालली होती!

म्हटलं, अक्षर होतं तसं कर, खोट माझ्यात आहे.
ती म्हणाली, “आजी, प्रेसवर असे डोळे घेऊन किती जण उभे असतील?”
फट आणखी मोठी केली. धुक्यातून तोंड उघडलेलं दिसलं. पहिल्यांदाच.

शुक्रवार
साहेब म्हणाले, जबडा फार वासलाय, सुबक नाही. नातीने त्यांच्याकडून चष्मा मागून घेतला आणि त्यांना चौदा पावलं मागे नेलं. ‘धोका’ त्यांनी वाचलं, ‘घण’ही वाचलं. पाटी पास!

शनिवार, २३ मार्च
आजचं अक्षर नर्सबाईंचं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याने पाहिलं तर साहेबांचं खरं — जबडा भलताच वासलाय. डाव्याने पाहिलं तर अगदी बरोबर. डॉक्टरांना सांगितलंय, डाव्याला इतक्यात हात लावायचा नाही. नातीची अजून तीस अक्षरं तपासायची आहेत.

तिला निरोप: डब्यात मऊ भात आणि दोन उकडलेली अंडी पाठव. मीठ वेगळं. विसरशीलच.