अर्ध्या वचनाची पाटी

पपा, तुमच्यावरचा माझा राग निवलेला नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काही गोड येईल अशी आशा नको. राग तरी कसला, तुच्छताच ती. मुलीनं बापाला असं लिहू नये, पण तुम्ही जाऊन आता तीस वर्षांवर झाली, मीही शाळेतून निवृत्त झाले, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी तुम्ही जुनं देऊळ सोडलंत. मी आठवीत होते. तुमच्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला ते देऊळ, आई दर रविवारी पेटी वाजवायची ते देऊळ. पाळकसाहेबांशी तुमचं भांडण नव्हतं, कुणी तुमचा अपमान केला नव्हता. कारण एवढंच, की देवळाचं नाव शास्त्रात सापडत नाही. तुम्ही छापखान्यात खिळे जुळवायचे. लग्नपत्रिकेत एक वेलांटी चुकली तर अख्खी ओळ मोडून पुन्हा लावायचे. तीच नजर तुम्ही देवळाच्या नावावर फिरवलीत. "हे नाव साहेब लोकांनी ठेवलं, प्रभूनं नाही," म्हणालात, आणि आठ घरं घेऊन एका भाड्याच्या खोलीत गेलात. दारावर पाटी लावलीत: ख्रिस्ताची मंडळी. खाली बारीक अक्षरांत, रोमकरांस पत्र, अध्याय सोळा, वचन सोळा. त्याच नावाच्या मंडळ्या जगात इतरत्र आहेत असं कुणी म्हटलं तर तुम्ही म्हणायचे, असतील, त्यांचा आपला संबंध नाही. आठ घरांची मंडळी, आणि तिचा संबंध कुणाशीच नाही.

वर्षभर बरं चाललं. मग तुमचे टपाल खात्यातले एक मित्र एका रविवारी उपासनेनंतर घरी आले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसले आणि त्यांनी शास्त्र उघडलं. मला अजून ते दिसतात, बोटाला थुंकी लावून पान उलटताना.

"करिंथकरांच्या पत्रात 'देवाची मंडळी' असं स्वच्छ लिहिलंय," ते म्हणाले. "तुमचं वचन एकच, आणि त्यातही 'मंडळ्या' आहे. अनेकवचन."

"अनेकवचनाचं एकवचन काय होतं?" तुम्ही विचारलंत.

"म्हणजे तुम्ही शास्त्रात नसलेला शब्द तयार केला."

"चहा घ्या, निवतोय," आई म्हणाली. दोघांनीही घेतला नाही. पुढच्या महिन्यात शेजारच्या गल्लीत दुसरी पाटी लागली, देवाची मंडळी, तिच्याखालीही वचन. ते पाहून आणखी दोन घरं म्हणाली, असली नावं घेणं हेच पाप, पहिल्या शिष्यांना अंत्युखिया शहरात नुसतं ख्रिस्ती म्हणत असत. आणि त्यांनी तेवढंच लिहून तिसरी पाटी लावली. तीन मिनिटांच्या अंतरात तीन पाट्या. चांगली नोकरीतली, मुलाबाळांची माणसं तुम्ही, रस्त्यात भेटलात तर एकमेकांकडे पाहत नव्हतात. मला शाळेत मुली विचारायच्या, तुमच्यात नक्की कितवा देव खरा? मी खाली मान घालायचे. आता वाटतं, त्या मुलींना तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

तुमचं ते वचन मी डी.एड.ला असताना पहिल्यांदा पूर्ण वाचलं. पूर्ण म्हणजे त्याचा पहिला अर्धा भागही, जो तुमच्या खोलीत कुणी कधी मोठ्यानं वाचल्याचं मला आठवत नाही. पौल रोमकरांना लिहिलेलं पत्र संपवत आलाय. आपण पत्राच्या शेवटी घरातल्या सगळ्यांना नमस्कार कळवतो, तसे तो एकेकाचं नाव घेऊन सलाम सांगतोय, त्यात किती बाया आहेत. मग म्हणतो, एकमेकांना पवित्र चुंबनानं सलाम करा, ख्रिस्ताच्या सगळ्या मंडळ्या तुम्हाला सलाम सांगतात. झालं. तो बिचारा कुणाला पाटीसाठी नाव सुचवत नव्हता. आणि लगेच पुढच्या वचनात सांगतो, फुटी पाडणाऱ्यांपासून दूर राहा. मी हे तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि म्हणालात, "तू पोरांना बाराखडी शिकव. शास्त्र मला शिकवू नकोस."

त्याच उन्हाळ्यात नांदगावची मावशी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. लग्न जुन्या देवळात. तुम्ही पत्रिका हातातही घेतली नाहीत. "ज्या घराला प्रभूचं नाव नाही तिथे आम्ही पाय ठेवत नाही," एवढं बोलून बाहेर गेलात. सलाम तर राहोच, तिला बस म्हणाला नाहीत. लग्नाच्या दिवशी आईनं सकाळपासून गहू निवडले, घरात दळण असताना. अकरा वाजता, तिकडे वऱ्हाड देवळात शिरलं असेल तेव्हा, तिची बोटं सुपाच्या कडेवर हलत होती. पेटीवर हलावीत तशी. तुम्ही ते पाहिलंत. मी तुम्हाला पाहताना पाहिलं.

मी निफाडच्या शाळेत लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, आई गेली. ख्रिस्ती दफनभूमी जुन्या देवळाच्या ताब्यात होती. देवळाचे सेक्रेटरी घरी येऊन म्हणाले, बाईंचं नाव अजून आमच्या वहीत आहे, त्यांनी आमची मंडळी सोडली नव्हती एवढं लिहून द्या, लगेच जागा देतो. तुम्ही म्हणालात, ती माझ्या मंडळीची होती, तसंच लिहीन. ते म्हणाले, तुमच्या मंडळीला आम्ही ओळखत नाही. तुम्ही खिशातून शास्त्र काढलंत. पपा, आईला बर्फाच्या लादीवर ठेवलेलं, लादीचं पाणी ओसरीवरून पायरीवर येत होतं, आणि तुम्ही अंगणात उभं राहून त्या माणसाला सोळावं वचन वाचून दाखवत होतात. तोही काही कमी नव्हता, त्यानं स्वतःच्या देवळाच्या नावासाठी तिथल्या तिथे दुसरं वचन काढलं.

एकच्या सुमाराला मावशी गाडीनं आली. दारातच तिला काय चाललंय ते समजलं.

"माझी बहीण हाय ती," ती सेक्रेटरींना म्हणाली. "कुठं सही करायची ते दाखवा." मग तुमच्याकडे वळली. "अन तुम्ही, दाजी, पाटीला काय नाव लावायचं ते सावकाश लावा. तिला आधी माती द्या."

सख्ख्या बहिणीची सही चालली. चारच्या आत दफन झालं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली तेव्हा तुम्ही फाटकाबाहेर उभे होतात, टोपी हातात घेऊन. मूठभर माती टाकायलासुद्धा आत आला नाहीत. त्यानंतर मी घरी राहायला आले नाही. तुम्ही गेलात तेव्हा मंडळीत दोन घरं उरली होती, त्यातलं एक तुमचं.

हे सगळं मी आजवर अनेकांना असंच सांगत आले आणि ऐकणारा प्रत्येक जण तुम्हाला नावं ठेवतो. मला ते बरं वाटतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून उरलेलं लिहिते. मुलीची सहीही चालली असती. सकाळी दहा वाजताच सेक्रेटरींनी मला बाजूला बोलावून सांगितलं होतं, "बाई, तुम्ही सज्ञान आहात, दोन ओळी लिहा, मी वाद मिटवतो." कागद त्यांनी पुढे केला होता. मी म्हटलं, "पपांकडूनच घ्या." तुम्हाला सगळ्यांसमोर वाकलेलं मला बघायचं होतं. तीन तास मी ओसरीवर आईशेजारी बसून वाट पाहिली.