नथ्थूसमोर थंड, माझ्यासमोर गरम

१ मे, गुरुवार
कूलरला वाळ्याची नवीन खस लावली. एक मोठा तुकडा उरला. बायको, विनता, तो फेकायला निघाली होती, मी वाचवला. बत्तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं ते काय उगाच? ओल्या खसमधून येणारी हवा थंड होते. मग तीच खस गाडीच्या समोरच्या जाळीमागे बांधली, तर एसीला आयतीच थंड हवा मिळणार. तारेनं घट्ट बांधली. बाहेरून अजिबात दिसत नाही. कोणाला सांगायचं नाही. आधी पेटंटचं बघू.

सोळा तारखेला गाडी घेऊन नागपूर. लेकीला, यशश्रीला, पहिल्या बाळंतपणासाठी घरी आणायचं आहे. सातवा महिना. तिच्या सासूबाईंनी फोनवर विचारलं, एवढ्या उन्हात गाडीचा एसी नीट आहे ना? मी म्हणालो, आमच्या गाडीत शाल लागते. मग यशश्री फोनवर आली. म्हणाली, बाबा, मी तुमच्यासोबतच येणार. फार बरं वाटलं.

३ मे, शनिवार, दुपारी २
विनताला घेऊन पनागरला भाजी आणायला गेलो. एसीतून गरम हवा! साधी नाही, तव्यावरची. विनता पदरानं वारा घेत राहिली, बोलली काहीच नाही. तिचं न बोलणं मला बरोबर ऐकू येतं.

नऊ वर्षं दर रविवारी या गाडीला स्वतःच्या हातानं आंघोळ घातली. आणि सोळा तारीख तोंडावर आली असताना हिनं दगा द्यावा? दुसरा शब्दच नाही.

संकल्प: स्वतः दुरुस्त करणार. मेकॅनिकचं तोंड बघणार नाही.

४ मे, रविवार
मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले. तिघांचं म्हणणं वेगळं. फ्यूज काढला. हॉर्न बंद पडला. परत बसवला.

५ मे, सोमवार
रिछाईला नथ्थूच्या गॅरेजवर गेलो. संकल्प मोडला असं नाही. सेकंड ओपिनियन घेणं वेगळं.

निघण्याआधी खस सोडून डिकीत ठेवली, वर चादर. नथ्थूनं पाहिली असती तर आठ दिवसांत सगळ्या रिछाईच्या गाड्यांना लागली असती. त्यानं एसी लावला. थंडगार! म्हणाला, मास्साब, इसमें तो कुछ है ही नहीं.

घरी येऊन खस ओली केली, पुन्हा बांधली. संध्याकाळी अधारतालला एक चक्कर मारली. गरम.

७ मे, बुधवार
परत नथ्थू. खस डिकीत, चादरीखाली. परत थंडगार. त्यानं गेज लावून दाखवलं, गैस पूरी है मास्साब, आप घर जाके आराम करो. घरी आलो. खस बांधली. गरम.

निष्कर्ष स्पष्ट आहे. गाडी नथ्थूला फितूर झाली आहे. इन्स्पेक्शनच्या दिवशीच शहाणी होणारी कार्टी मी वर्गात खूप पाहिली. पण त्यांना मी नऊ वर्षं पेट्रोल पाजलं नव्हतं.

दुसरी शक्यता: नथ्थूच काहीतरी ढिलं करून पाठवतो. विनताला सांगितलं. ती म्हणाली, अहो, काहून त्या बिचाऱ्याच्या मागे लागून राहिले? बिचारा! म्हणजे घरातही माझ्या बाजूनं कोणी नाही.

९ मे, शुक्रवार
खस दुप्पट केली. कूलरची एक बाजू काढून आणली. एसी आणखी गरम. आता इंजिनाचा काटाही वर चढतो. म्हणजे बिघाड मोठा आहे, आणि कंपनीनं तो नऊ वर्षं माझ्यापासून लपवला.

रात्री खोली तापली. विनता गच्चीवर झोपायला गेली. मला न विचारता.

१२ मे, सोमवार
नथ्थूला फोन करून सगळं सुनावलं. विश्वास, माणुसकी, सगळं. तो अर्ध्या तासात स्कूटरवर महाराजपूरला आमच्या दारात हजर. मी चपला शोधेपर्यंत त्यानं बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि दोन्ही हातांनी खस बाहेर ओढली. ओढतच राहिला.

मग त्यानं मला समजावलं. मला! म्हणे, मास्साब, एसी की सारी गर्मी इसी जाली से बाहर जाती है, सामने से हवा लगेगी तभी ना. आपने तो गाड़ी का मुँह ही बाँध दिया. विनता दारातच उभी होती. तिनं पाठ फिरवली, पण खांदे हलत होते.

माझं मत: सिद्धांत बरोबर आहे. गाडीची रचना त्या लायकीची नाही.

असो. एसी बर्फासारखा झाला. यशश्रीला फोन करून सांगितलं. ती वा बाबा म्हणाली आणि फोन लगेच प्रथमेशकडे दिला. जावईबापू बराच वेळ हवामानावर बोलले.

१४ मे, बुधवार
मागच्या सीटवर दोन उशा, एक लोड. पाण्याची कॅन. मोसंबी. खिडक्यांना जाड पडदे. पोटावर सीटबेल्ट कसा बांधायचा ते वाचून ठेवलं. विनता बघत होती. काहीतरी सांगायचं होतं तिला. मी म्हणालो, नंतर.

१५ मे, गुरुवार
विनता बॅग भरत होती. मी म्हणालो, एवढे कपडे कशाला, एका दिवसाचा तर प्रश्न. ती म्हणाली, मी आज ट्रेननं नागपूरला जाते. उद्या रात्री यशश्रीला घेऊन बसते. परवा सकाळी तुम्ही फक्त स्टेशनवर या.

मी म्हणालो, एसी तर झाला ना! ती म्हणाली, एसीचं नाही हो, रस्ता लांबचा, पोरीला दगदग. वाटलं, खसचं प्रकरण नागपूरपर्यंत पोहोचलं. नथ्थूचा राग आला.

स्टेशनवर डबा शोधायला सोपं जावं म्हणून तिनं तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. डबा पाहिला. बर्थ पाहिले. खाली बुकिंगची तारीख होती. ११ एप्रिल.

एसी बिघडला ३ मे ला. अकरा एप्रिलला तो उत्तम चालत होता. खससुद्धा तेव्हा आणलेली नव्हती. आणि एक मे ला यशश्री म्हणाली होती, तुमच्यासोबतच येणार. तेव्हा तिकीट काढून वीस दिवस झाले होते.

विनताला विचारलं. ती बॅग बाजूला सारून पलंगावर बसली. म्हणाली, पोरीनंच काढायला लावलं. त्या वर्षी सिवनीच्या अलीकडे गाडी बंद पडली, आठवते? तिला ताप होता. तुम्ही चार तास बॉनेट उघडून उभे, कोणाला बोलावू देईना. तेव्हा ती काही बोलली नाही. आता तिच्या पोटात बाळ आहे, अहो.

तो दिवस मला आठवतो. फॅन बेल्ट. शेवटी गाडी मीच चालू केली होती. हे मी कितीतरी जणांना सांगितलं आहे.

तिला ताप होता हे आठवत नव्हतं. फार लागलं मनाला. कोणाचा राग करावा ते कळेना.

१७ मे, शनिवार
पहाटेच स्टेशनवर. बाहेर गाडी अर्धा तास चालू ठेवून आत गारेगार केलं होतं. यशश्री हळूहळू चालत आली. वाकायला लागली, मी वाकू दिलं नाही. मागे उशांना टेकून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, बाबा, एसी बंद करा ना, मला थंडी वाजून राहिली.

बंद केला. काचा खाली केल्या.

रागावले का, असं तिनं विचारलं. नाही म्हणालो.

अधारतालच्या जवळ बॉनेटमधून खुटखुट ऐकू यायला लागली. तिघांनाही ऐकू आली. मी उतरलो नाही. पुढे गाडी बंदच पडली, तेव्हा फोन काढून त्यांच्यासाठी ऑटो बोलावला.