काच, फोटो आणि मधलं पाणी

अप्पा, गेल्या महिन्यात तुमचा फोटो मी पाण्यात बुडवला. रागावू नका, आधी ऐका. दिवाळीच्या पावसात भिंत पाझरली आणि फोटो आतून काचेला चिकटला. सून म्हणाली, “आत्याबाई, ओढलात तर चेहराच निघून यायचा. मोबाईलवर काढून ठेवू या.” पण तुमचा दुसरा फोटो आहेच कुठे?

मग राजवाड्यामागचं तुमचं फ्रेमांचं दुकान आठवलं. धुतलेल्या काचा एकावर एक पडल्यात, मी तुमची परकरातली लेक वरची उचलायला जाते, ती हलत नाही. “ओढतेस काय, बैल आहे का तो? सरकव!” तुम्ही माझा हात धरून सरकवता, काच लोण्यासारखी सुटते. असं का, विचारलं तर म्हणालात, “पाण्याला विचार.”

विचारलं, म्हातारपणी, नातीच्या शाळेच्या पुस्तकातून. पाण्याच्या एका कणात दोन हायड्रोजन, मधे ऑक्सिजन, तिघं एका पांघरुणात. पांघरूण म्हणजे इलेक्ट्रॉन. घरातली ही गाठ घट्ट. पण मधला हावरट, पांघरूण स्वतःकडे ओढतो. मग उघडे पडलेले हायड्रोजन शेजारच्या कणातल्या ऑक्सिजनकडे झुकतात. ही शेजारगाठ नाजूक, क्षणात सुटते, क्षणात दुसऱ्याशी बसते. काचेशीही बसते, फोटोच्या कागदावर सरसाचा थर असतो त्याच्याशीही. मला वाटलं, सरस आणि काच एकमेकांना धरून बसलेत. मधे पाणी शिरलं तर दोघं पाण्याला धरतील आणि एकमेकांना सोडतील.

परातीत गार पाणी घेतलं. नात मांडी घालून शेजारी. बऱ्याच वेळानं फोटोची कड लाटेसारखी उचलली, तशी ती ओरडली, “अगंबाई, आजी! गेला फोटो!” “गेला नाही गं, हलला,” म्हटलं आणि अंगठ्यानं हळूच सरकवत राहिले. आधी मिशी आली, मग नाक, मग तुम्ही सगळेच. डावा कान तेवढा काचेवर राहिला. नात म्हणते, “असू दे आजी, नाहीतरी ते कुणाचं ऐकत नव्हते ना?”

हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. जन्मभर तुम्ही लोकांच्या फोटोंना काचा बसवल्यात; तुमच्या फोटोला मी अजून बसवलेली नाही. सुनेला सांगते, ओल पुरती जायची आहे. ओल केव्हाच गेली, अप्पा. काच नसली की तुमच्या गालाला बोट लावता येतं.