थोरल्या बाईची शेवंती

थोरल्या बाईंना,
धाकलीचा, केवळाचा, नमस्कार. नमस्कार आधी करते, भांडण मागून.

तुमी मला पाह्यलं न्हाई, मी तुमाला पाह्यलं न्हाई. तुमी तापानं गेल्या आन वरीस व्हतं न व्हतं तवर मला ह्या घरात आणलं. तुमच्याच चुलीवर भाकरी थापते, तुमच्याच माणसाला वाढते. आन तुमी माह्या गळ्यात. चांदीचा एवढासा टाक, वरून गोल, खाली दोन टोकं, मधी बाईची आकृती, हातपाय काड्यावानी. पहिलीच्या जागी दुसरी आली की तिनं पहिलीचा टाक घालायचा, न्हाई तर पहिली कोपते म्हणे. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मंग नेसायचं. आता कापडाच्या कंट्रोलात, रेशनावर, लुगडं मिळंना, तरी जे मिळालं ते मी आधी तुमाला दाखवलं. समदं बराबर केलं.

कागदावर काहून लिव्हून राहिले, तर तोंडानं बोलायची बंदी हाय. आपल्या सासूबाई, आत्याबाई, म्हणतात, "तिचं नाव काढू नको, हाक मारल्यावानी व्हतं." कागदाला आवाज न्हाई. भावाच्या पाटीवर शिकले तेवढीच अक्षरं मला येतात, ओळी वाकड्या जातील. कागद गुळाच्या पुड्याचा हाय. मुंग्या आल्या तर मला नावं ठेवू नका.

ह्या माघात मी तुमच्यावर शक घेतला व्हता. थोडा फिटला, थोडा बाकी हाय. जो बाकी हाय तो इचारायला आज बसले.

आधी मागच्या दारचं सांगते. तुमाला तेच आइकायचं आसंल.

शेवंती फुलली. लहान लहान पिवळी, एका बुडाला एवढी की पान दिसंना. कुंपणावर वालाचा वेल जांभळा झालाय. शेवग्याची फुलं खाली पडतात, सकाळी पाहावं तर कोणी लाह्या सांडल्यावानी. आन लिंबोणीला बहर आलाय. वास घरात चुलीपोत्तर येतो, भाकरी करताना माहं ध्यान उडतं. माह्या माहेरी घराभवती नुसतं काळं रान, फूल पाह्यलं ते देवाच्या डोक्यावर. इथं मी सकाळच्या उन्हात गोधडी टाकायची, लेकराला निजवायची आन बघत बसायची. मधमाश्या लिंबोणीत घुं घुं करायच्या. एवढं बरं मला कव्हाच वाटलं नव्हतं.

बरं वाटलं आन लगेच भ्या वाटलं. दुसऱ्याचं हाय ना ते, तुमी लावलेलं.

तुमी गेल्यावर त्या झाडांना पाणी कोण घालतं? मी घालत न्हाई, मला भ्या वाटायचं. आत्याबाईंना इचारलं तर म्हणल्या, "न्हाणीचं पाणी जातं तिकडं." मी न्हाणीचा पाट पाह्यला. तो खाली वळतो, लिंबोणी वरच्या अंगाला हाय. पाणी चढ चढून जातं व्हय? तरी लिंबोणीच्या बुडाशी रोज ओल.

आन झेंडू. न्हाणीच्या पाटाशी एकाच ठिकाणी एवढी गर्दी, कोणी मूठ उघडून ओतल्यावानी. आत्याबाईंनी लावला न्हाई, ह्यांनी लावला न्हाई. मंग?

ह्यांच्यावर बी शक व्हता, सांगून टाकते. हळद शिजवायचे दिवस, कोपरापोत्तर पिवळे हात घेऊन घरी येतात आन आधी मागच्या दाराला जातात. लेकराकडं नंतर. मी म्हणलं, "काय पाहता तिकडं?"

"बहर पाहतो. औंदा लोणच्याला लिंबं व्हतील."

लोणच्यासाठी कोणी एवढा येळ झाडाकडं पाहतं? तुमीच सांगा.

आता लेकराचं. मार्गशीर्ष लागता लागता पोरगी झाली. बाळंतपणात टाक देवाजवळ ठेवला व्हता, तो संक्रांतीला आत्याबाईंनी परत माह्या गळ्यात घातला. आन त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी पाह्यलं, तर लेकराच्या डाव्या गालावर दोन लाल ठिपके. जवळ जवळ. पुसले, गेले न्हाईत. दुपारपोत्तर फिक्के झाले. दुसऱ्या दिवशी परत, त्याच जागी.

हे म्हणले, "डास आसंल."

"डास रोज दोनदाच चावतो? त्याच जागी?"

"मंग शाणा डास आसंल," म्हणले आन हसले. मी लेकराचा गाल पुसून राहिले व्हते आन ह्यांना हसू.

शेजारच्या गिरजामायनं पाह्यलं. तिनं लेकराचा गाल उजेडाकडं वळवला आन आवाज खाली घेतला. "हे नखं हायेत, केवळा. कोणीतरी चिमटा घेतंय."

"कोण घेईल, गिरजामाय? लेकरू माह्याजवळच आसतं."

"मला काय इचारती? गळ्यात कोण हाय तिला इचार."

थोरल्या बाई, तुमाला लेकरू झालं न्हाई. मला झालं. माह्या मनात जे आलं ते कोणाच्याही आलं आसतं. मी रात्रंदिस लेकरू उराशी धरलं. आत्याबाईंनी मीठ-मिरच्या उतरवल्या, काजळाची तीट लावली, दोऱ्यात बिब्बा बांधला. मंग म्हणल्या, "टाकाचा दोरा आखूड कर. निजताना बी काढू नको. तिला मान दे, मंग ती लेकराला सोडंल."

मी दोरा आखूड केला. रोज शेवंतीचं पहिलं फूल टाकाला लावलं. तुमच्याच झाडाचं फूल, तुमालाच. तरी ठिपके वाढले. आधी सकाळीच दिसायचे, मंग सांजच्याला बी दिसायला लागले. एकदा तर सालटं निघालं. आणखी काय द्यावं तुमाला? लेकरूच पाह्यजे व्हतं का?

असंच मी इचारलं व्हतं, मनातल्या मनात. शेवंती आणखीच फुलली.

गिरजामाय म्हणली, "ते समदं मुळासगट उपटून टाक. तिचा जीव तिथं गुतलाय. झाडं हायेत तवर ती जायची न्हाई."

म्हून त्या दिवशी आत्याबाई कुरुंद्याला बाजाराला गेल्या, हे हळदीच्या कढईवर, आन मी कुदळ घेऊन मागच्या दाराला गेले. लेकराला गोधडीवर ठेवलं. शेवंतीपासून सुरू करायचं ठरवलं व्हतं. ती समोरच व्हती, कमरेतून वाकलं की झालं.

लेकरू रडलं. भूक लागली व्हती. मी म्हणलं पाजून घेऊ, मंग खणू. तिथंच वाफ्याच्या कडेला दगडावर बसले. एरवी मी लेकराला आतल्या अंधाऱ्या खोलीतच पाजायची, पदराखाली, नजर लागू नये म्हून. आत्याबाईंची ताकीदच व्हती. पर त्या दिवशी घरी कोणी नव्हतं, वालाच्या वेलानं कुंपण झाकलं व्हतं, ऊन चटका देत व्हतं, लेकराला घाम फुटला. मी पदर बाजूला केला.

आन मला दिसलं.

लेकरू पीत व्हतं आन त्याचा गाल टाकावर दाबला व्हता. आखूड दोरा, टाक बराबर उराच्या वर. लेकरू चुरू चुरू ओढायचं तशी टाकाची खालची दोन टोकं गालात रुतायची. मी टाक उचलला. खाली दोन ठिपके, लाल. परत टेकवला. बराबर बसला, कुलपाला किल्ली बसावी तसा.

मी परत परत करून पाह्यलं. लेकरू चिडलं.

तुमचं नख नव्हतं. तुमच्यापासून वाचायला जे गळ्यात घातलं, तेच टोचत व्हतं. आन मी तुमाला मान द्यायला दोरा आणखी आखूड केला व्हता.

कुदळ तिथंच पडली व्हती. मंग माहं ध्यान वाफ्याकडं गेलं. शेवंतीच्या भवती लहान दगड लावलेत, समदे एकाच मापाचे, गोल गोल. दगड नदीतले. कोणीतरी एक एक निवडून आणले, पदराच्या वटीत आणले आसतील. इतके दिवस मी त्या दगडांवर पाय देऊन चालत व्हते.

आत्याबाई बाजारातून आल्या तशी मी लेकरू त्यांच्यापुढं धरलं. "बघा. नखं न्हाईत, टाक हाय."

त्यांनी पाह्यलं. बाजाराची पिशवी बी खाली ठेवली न्हाई. "परत धर," म्हणल्या. मी टाक गालाला लावला. त्यांनी बोट फिरवलं, आधी टाकाच्या टोकावर, मंग ठिपक्यावर. मंग पिशवी ठेवली.

"टाक काढायचा न्हाई," म्हणल्या.

"न्हाई काढत. पर लेकराचं काय?"

त्या माह्या मागं गेल्या. दोरा सोडला, लांब केला, टाक पाठीवर फिरवला आन गाठ मारली. "पाठीवर राहू दे. तिला बी मागचं दार दिसंल."

आन मंग, मी काही इचारलं नव्हतं तरी, म्हणल्या, "सगुणा चिमटे घेणारी नव्हतीच. कोंबडीनं झेंडू उकरला तरी तिला दगड मारायची न्हाई. हाड हाड करत नुसती मागं पळायची."

तुमचं नाव मी पहिल्यानं आइकलं.

"मंग मला एवढं भ्या काहून घातलं, आत्याबाई?"

"मला व्हतं म्हून." त्या चुलीकडं तोंड करून बसल्या. "उन्हाळ्यात प्यायला पाणी न्हाई, आन ही आपल्या वाट्याचा तांब्या शेवंतीला घालायची. मी लई बोलले तिला. मंग तापात पडली, तवा तोंडाला पाणी लावलं तर म्हणली, तिकडं घाला. आता घालते. भांड्याचं, तांदळाचं, जे आसंल ते. कोणी पाह्यलं तर हसंल, म्हून पहाटंच घालते."

लिंबोणीच्या बुडाची ओल ती व्हती.

झेंडूचं बी उलगडलं. परवा जात्याच्या वरचा कोनाडा झाडताना एक गाठ मारलेली चिंधी सापडली. तशीच एक आखाडात बी सापडली व्हती. तवा मी पोटुशी, वाटलं करणीच हाय. फुंकणीनं ढकलत ढकलत न्हाणीच्या पाटात टाकली, वरून चप्पल बी मारली. ह्या बारीला दम धरून काडीनं गाठ सोडली. आतून झेंडूचं बी निघालं, काळ्या-पांढऱ्या काड्या. एकटीच हसले मी. तुमची करणी पाटात उगवली व्हती आन मी तिचीच फुलं दाराला बांधून राहिले व्हते. पर बाई, गाठी अशा मारायच्या आसतात व्हय? बघणाराचा जीव जातो.

गिरजामायला सांगितलं तर तिला पटलं न्हाई. "टाकाला टोचायची अक्कल कोणी दिली?" म्हणली. तिचं तिच्यापाशी.

लेकराचा गाल आता साफ हाय. ठिपक्यांच्या जागी नुसतं गुलाबी. हे अजून बी आधी मागच्या दाराला जातात. मी इचारणं सोडलं. काल मीच म्हणलं, "शेवंती पाहा, मंग हात धुवा." त्यांनी पाह्यली. मंग लेकरू घेतलं, आन लेकराच्या झबल्याला हळदीचे पाच बोटं उठले.

आता जो शक बाकी हाय तो.

काल सकाळी मी शेवंतीतलं गवत काढत व्हते. वाकले की टाक पाठीवरून घसरून पुढं येतो आन फुलांत लोंबतो. मी त्याला परत मागं टाकला, लेकराला खांद्यावर घेतलं आन लिंबोणीखाली उभी राहिले. लेकराचं तोंड माह्या पाठीकडं. ते एकदम हसलं. आवाज करून, पोटातून, पहिल्यानंच. एवढ्या दिवसात मी किती तोंडं केली, ह्यांनी किती शिट्ट्या मारल्या, ते असं हसलं नव्हतं.

माह्या मागं कोणी नव्हतं. आत्याबाई घरात, गिरजामायचं दार लागलेलं. उन्हानं टाक चमकला आसंल. फूल पडलं आसंल. का तुमी व्हत्या?

मी लेकराला घट्ट धरलं. पर मी मागं वळून पाह्यलं न्हाई. लेकरू हसत व्हतं, मी हाललेच न्हाई.

हा कागद मी लिंबोणीच्या बुडाशी पुरते, आत्याबाई पाणी घालतील तवा तुमाला पोचंल. शेवंतीचं फूल सरत आलंय. बुडाशी नवे फुटवे आलेत, ते काढून मी लावीन, दगड तसेच ठेवीन. झेंडूचं बी वाळवून चिंधीत बांधीन, गाठ मातर साधी मारीन. लेकरू बोलायला लागलं की ही झाडं कोणाची ते नाव घेऊन सांगीन, मोठ्यानं, आत्याबाईंच्या देखत. आन एक कबूल करते. ते माह्या खांद्यावरून हसंल तवा मी मागं पाहणार न्हाई. मला भ्या वाटलं तरी. तुमी त्याला हसवा.

तुमची धाकली,
केवळा