सतरा नंबरचे कपाट

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात पस्तीस वर्षे सांगाडे जोडण्याचे काम केलेला माणूस, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. असा कागद मी पूर्वी केलेला नाही. बायको असताना मरायला फुरसत नव्हती.

एक. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मेहुण्याच्या मुलीला मिळावी. ती आमच्याच विभागात डॉक्टर आहे, मला आतोबा म्हणते आणि माझ्यावर बिनधास्त ओरडते. अंमलबजावणीही तिनेच करावी. स्वयंपाकघरातला नळ गळतो. तोही तिच्याच नावावर करीत आहे.

दोन. माझे शरीर विभागाला द्यावे. विद्यार्थ्यांचे शिकून झाले की हाडे स्वच्छ करून, जोडून, संग्रहालयातल्या सतरा नंबरच्या कपाटात उभी करावीत. सोळा नंबरमध्ये माझी बायको आहे. मला तिच्या शेजारी जायचे आहे, बाकी काही नको. सतरा कोणी बळकावू नये म्हणून त्यात मोडक्या पाट्या कोंबून मी ‘दुरुस्तीसाठी’ अशी चिठ्ठी लावून ठेवली होती. ती अजून आहे.

लोकांना वाटते, हा नास्तिक, यानेच तिला भरीस घातले. साफ खोटे. देवावर विश्वास तिचा आणि देहदानाचा हट्टही तिचाच. उलट मीच हबकलो. म्हणालो, “अगं, तुम्हा ख्रिस्ती लोकांत शेवटच्या दिवशी देह उठतो ना? मग तू काय कपाटातून उठणार?”

“ज्याने मातीतून घडवलं, त्याला कपाटाचं दार उघडता येणार नाही होय?”

मी विज्ञान काढले. शरीरातले कण सतत बदलतात. मेल्यावर ते गवतात जातात, गाईत जातात, उद्या दुसऱ्या कोणाच्या अंगात. मग ते उठणार कोणाचे म्हणून? ती हसली. “लग्नात होते तीच बायको आहे ना मी तुमची? ते कण तर कधीच गेले. मग ‘तीच’ म्हणजे काय हो, सांगा बघू.” मी हट्टाने तत्त्वज्ञानाची अकरा पुस्तके आणून वाचली. उत्तर सापडले नाही.

तीन. ती पुस्तके मेहुण्याला, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांना, समासात मी लिहिलेल्या शिव्यांसकट. अट एकच. बहीण गेली तेव्हा ते म्हणाले होते, “रिकाम्या खड्ड्यावर मी प्रार्थना करत नसतो,” आणि पाठ फिरवून गेले. ते मी विसरलेलो नाही. त्यांनी सोळा नंबरसमोर उभे राहून ती राहिलेली प्रार्थना मोठ्याने म्हणावी आणि मगच पुस्तके न्यावीत.

चार. पकडी, हातड्रिल आणि ब्रश विभागाला. तार पितळेचीच वापरावी. लोखंडी गंजते, हाडावर डाग पडतो. तिची जोडणी मी दुसऱ्या कोणाला करू दिली नाही. तीन महिने लागले. डाव्या हाताची बोटे जोडताना दोनदा उठून बाहेर जावे लागले. तिची फार आठवण येते.

पाच. ही कबुली आहे. कानातली इवलीशी हाडे जोडणीत हरवतात, त्यामुळे कोणी विचारत नाही. तिच्या उजव्या कानातले, तांदळाच्या दाण्याहून लहान हाड हरवले नव्हते. मी चोरले. ते माझ्या कपड्यांच्या खणात काचेच्या कुपीत आहे. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत आलो.

तिचे म्हणणे असे की शेवटी प्रत्येकाला नावाने हाक येते, आणि ती ज्याला ऐकू येते तोच तो माणूस. हा काही पुरावा नव्हे. मला देव पटलेला नाही. पटावा असे मात्र फार वाटते, कारण मग ती भेटेल. माझ्या मते हाक येणार नाही. पण आलीच, तर तिला ऐकू आले पाहिजे. म्हणून भाचीने ते हाड मेणाच्या थेंबाने तिच्या कानात परत बसवावे. माझ्या कानांची काळजी करू नये. हाकेने मला कधीच जाग आली नाही. ती येऊन खांदा हलवायची.

सही : हाडेमास्तर (विद्यार्थ्यांनी ठेवलेले नाव, दुसरे आता कोणी घेत नाही)
साक्षीदार : शेजारचा चष्मेवाला, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिकाबाई. दोघांनी सही माझ्यासमोर केली, मी त्यांच्यासमोर.
स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : बारा मार्च, तिला जाऊन एकोणीस वर्षे पूर्ण