होडीच्या पुढची ओळ

ता. ४ मे

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

ठक. ठक. मग जरा थांबून तिसरा ठक. आठवतो तुला तो आवाज? पडदा सरकायच्या आधी दादा राजाच्या काठीनं फळ्यांवर तीन ठोके द्यायचा आणि अख्खं मैदान गप्प व्हायचं. तू विंगेत माझ्या खोक्याला टेकून फ्रॉकचं टोक चघळत बसायचीस. आज शेजारणीनं बादली आपटत जिन्यावरून नेली, नेमकी त्याच लयीत, आणि मी कप हातात धरून किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. चहावर साय आली.

पण आठवणी काढायला हे पत्र नाही. मी संतापलेलो आहे.

काल वाचनालयात उन्हाळी कार्यक्रमांची बैठक झाली. पोहण्याच्या शर्यती झाल्या, बागेतला बँड झाला, मग आपलं नाटक आलं. यंदा अध्यक्ष कोण, तर चष्मेवाला. तो म्हणाला, या वर्षी प्रॉम्प्टर नको. गेल्या वर्षी कलाकारांच्या गळ्याशी माइक लावले होते, त्यात माझी कुजबुज शिरली आणि राजाचं प्रत्येक वाक्य लोकांना दोनदा ऐकू आलं. लोक हसले, हे खरं. मग माझा आवाज काढा की माइक काढा? यांनी मला काढलं. आता रंगमंचासमोर पडदा लावणार आणि त्यावर अक्षरं सरकणार. जुन्या हेडमास्तरांनी लिहिलेलं नाटक टीव्हीवरच्या बातम्यांसारखं वाचायचं!

तेही मी गिळलं असतं. पण दादा उठला. राजाची भूमिका त्याचीच, दुसऱ्याला ती शोभणारही नाही. मला वाटलं, आता हा चष्मेवाल्याला उभा फाडणार. तर माझ्याकडे न बघता म्हणाला की त्याला मागून सांगणारा नको, त्याचं त्याला येतं. आणि कात्रीनं दोरा तोडावा तसा खाली बसला.

छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या ओळी तपासल्या, माझं नाव कधी छापून आलं नाही. त्याचं दुःख केलं नाही. विंगेतही तेच. पण राजा शेवटी रिकामी होडी परत धाडतो आणि होडी जाऊ दे, मी चालत येतो म्हणतो, तेव्हा सारं मैदान रडतं ना, त्या रडण्यातला चिमूटभर वाटा माझा होता असं मी समजत होतो. सख्ख्या भावानं तोही काढून घेतला. आता मी त्याच्याशी बोलणार नाही. शाळेतल्या कवितांत भावाभावांच्या प्रेमाची कडवी आपण घसा फोडून म्हटली, ती कुणी लिहिली असतील देव जाणे. एकुलता एक असणार.

उन्हात फिरू नकोस. माझ्यावरचा जीव आहे तसा असू दे.
तुझा,
अण्णा

ता. ९ मे

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, माफ कर. दोन गल्ल्या सोडून राहणारे दोन म्हातारे रुसले आहेत आणि समजूत घालायला बहीण मात्र आगगाडीच्या अंतरावर! तुमचं भांडण आईच्या वेळेपासून असंच. तिच्याकडे निदान लाटणं होतं, मला टपालखात्यावर भागवायचंय.

चष्मेवाल्यावर चिडलास ते समजलं. दादावर चिडण्याआधी जाऊन विचार तरी, की बाबा, असं का बोललास. दुकानात जा, त्याच्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बस. तो शिवताना खरं बोलतो.

आणखी एक. परवा दुपारी त्याचा फोन आला होता. राजाच्या अंगरख्याला नवं अस्तर लावलंय, निळं, असं सांगत होता. मी भांडी आवरतेय तोवर पुन्हा फोन. पुन्हा तेच अस्तर, तेच निळं, आणि आनंदही तेवढाच. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं, पण मग भांडी तशीच राहिली. तू रोज त्याच्या जवळ असतोस. तुझ्या काही लक्षात आलंय का?

उत्तर टाक. रुसव्यातून वेळ मिळाला तर माझीही आठवण ठेव.
तुझी,
चिमणी

ता. १३ मे

चि. अण्णास,
आशीर्वाद.

काल बाजारात मला बघून तू रस्ता ओलांडलास. पलीकडे उघडं गटार आहे म्हणून तिकडून कुणी जात नाही. तू गेलास. या वयात पाय मोडून घेशील आणि नाव माझं होईल.

तुझी छत्री दुकानात राहिली आहे, घेऊन जा.

बैठकीत बोललो ते विचार करून बोललो. त्याची कारणं आहेत, ती मी चौकात सांगणार नाही आणि तू तोंड फिरवल्यावर घरात तर नाहीच. इतकी वर्षं मी राजा झालो ते तुझ्या जिवावर, असं तू बँडवाल्याला म्हणालास, ते माझ्या कानावर आलं. मला झोंबलं. खरं असेल म्हणूनही झोंबलं असेल.

नाटकाला यायचं असेल तर ये, नसेल तर नको येऊ.

ऊन फार आहे. तुझी छत्री दुकानात राहिली आहे, घेऊन जा.
दादा

ता. १४ मे

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

थोरल्या बंधुराजांचं पत्र सोबत धाडतो, वाच आणि मग मला समजावायला ये. गावातल्या गावात तिकीट लावून टपालानं पाठवलंय! पोस्टमन माझ्याकडे असा बघत होता की जणू आमच्या घरात कुणीतरी वेडं झालंय.

आणि छत्रीचा टोमणा बघितलास? एकदा मारून भागलं नाही, शेवटी पुन्हा मारला. म्हणजे काय, तर तुझं चंबूगबाळं उचल आणि माझ्या दुकानातून नीघ. मी छत्री आणणार नाही. डोकं भाजलं तरी चालेल.

फोनचं म्हणतेस, तर त्यात काय? आनंदाच्या भरात माणूस दोनदा सांगतो. मी नाही का तुला सकाळच्या उन्हाबद्दल दर पत्रात लिहीत? नाटकवाल्या माणसाचं असंच असतं. काल चष्मेवाला भेटला, मला पहिल्या रांगेतली मानाची खुर्ची देतो म्हणाला. मी म्हटलं की ती खुर्ची उलटी कर आणि तिच्यावर तुझा पडदा उभा कर.

माझं तोंड कडू आहे, पण तुझ्यासाठी नाही. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
अण्णा

ता. १९ मे

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी रागानं लिहितेय आणि कच्चं लिहून मग सौम्य केलेलं नाही.

छत्री हा टोमणा नाही रे. वर लिहिलंय हे तो खाली येईपर्यंत विसरला. जन्मभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासलीस, एकच ओळ दोनदा आली तर लाल खूण करायचास. सख्ख्या भावाच्या पत्रात तुला ती दिसली आणि तू तिला टोमणा म्हणालास.

हिवाळ्यात तुम्ही दोघं माझ्याकडे आला होतात. जेवताना दादानं माझ्या सुनेकडे बघितलं, ओठ उघडले आणि अडला. तू लगेच तिला नावानं हाक मारून मीठ मागितलंस. मीठ तुझ्या हाताशीच होतं. मला वाटलं, अण्णा वेंधळाच आहे. आता कळतंय. तू घरातही विंगेत बसतोस. तू इतकं बेमालूम सांगत गेलास की तो विसरतोय हे आमच्यापैकी कुणाला कळलंच नाही. त्यालाही नाही.

मी परवा त्याला फोन करून विचारलं की अण्णाला का नको म्हणालास. तो शिवतच होता, यंत्राचा आवाज येत होता. मग म्हणाला, तो आठवायला लागायच्या आत ओळ कानावर येते. तिची वाट पाहिली असती तर ती आपली आपण आली असती की नाही, हे त्याला आता कळेनासं झालंय. त्याला एकदा बघायचंय की त्याच्यात किती शिल्लक आहे. हे बोलताना राजाचा आवाज नव्हता अण्णा. आई अंधारात मागच्या अंगणात पाठवायची तेव्हाचा होता.

तो घाबरलाय, आणि तू रुसून बसलायस. लाज वाटत नाही? नाटकाला जा. ओठ शिवून बस. त्यानं मागितलं तर दे, आणि मागेपर्यंत देऊ नकोस.

बाकी काही लिहायचं नाही. रागातही तुझीच,
चिमणी

ता. २७ मे, संध्याकाळ

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राचा इतका राग आला की उत्तर द्यायला बसलो आणि दर वेळी निब वाकडं केलं. मीठ कुठे होतं हे तू ध्यानात ठेवावंस! मी लपवत नव्हतो गं. तो अडून त्याचा हात दाढीकडे गेला की माझी जीभ हलते, त्याच्या यंत्राचं पायडल हललं की सुई हलते तशी. सुईला कुणी विचारतं का, की कापडाला काय हवंय?

नाटक आत्ता चालू आहे आणि मी घरी आहे. रुसवा म्हणशील तर थोडा आहेच. पण पहिल्या रांगेत बसलो असतो तर माझे ओठ हलले असते आणि दादाची नजर नेमकी तिथे गेली असती. म्हणून खिडकीशी बसून तुला लिहितोय. चष्मेवाल्याचे कर्णे एवढे मोठे आहेत की राजा माझ्याच माडीवर दरबार भरवून बसलाय.

पहिला अंक पार पडला. दुसऱ्यात दोनदा थांबला. दोन्ही वेळा ओळ आली, उशिरा आली, पण त्याची आली. चिमणे, त्या थांबण्यानं राजा किती मोठा झाला म्हणून सांगू. इतकी वर्षं मी त्याला ते थांबणं मिळू दिलं नव्हतं. याचा राग कुणावर काढू?

तिसरा अंक सुरू झालाय. आता भीती वाटतेय. या वेळी ऊन शाळेच्या छपराखालून थेट नटांच्या डोळ्यांत येतं. मी खोकं पुढे ओढायचो ते याचसाठी. त्या उन्हात पडद्यावरचं अक्षर कुणाच्या बापाला दिसणार नाही. चष्मे विकणाऱ्याला हे सुचू नये!

होडीचा प्रवेश आला. तो म्हणाला, होडी जाऊ दे.

पुढे काही नाही.

अजून काही नाही. कर्ण्यांतून नुसता त्याचा श्वास येतोय. पुढची ओळ साऱ्या मैदानाला पाठ आहे आणि कुणी बोलत नाही. माझी जीभ टाळ्याला लागली आहे, मी ती दातांत धरून ठेवलीय.

आता कर्ण्यातून पावलं ऐकू येताहेत. फळ्यांवरची, मग पायऱ्यांवरची. माइक गळ्याशी तसाच आहे त्याच्या. चष्मेवाला राजेसाहेब, राजेसाहेब म्हणत मागे धावतोय. आता मातीवरची पावलं. खरखर झाली आणि आवाज तुटला.

गल्लीच्या टोकाला कुत्री भुंकताहेत. खिडकीतून दिसतंय: निळ्या अस्तराचा अंगरखा धुळीत लोळतोय, मुकुट तिरका, एका हातात काठी. दुसऱ्या हातात माझी छत्री. चुकला नाही, एकाही वळणावर चुकला नाही.

तो फाटकातून आत आलाय. दारावर काठी वाजतेय. ठक. ठक.

मी ओठ मिटून उठतोय. तिसरा ठोका त्याचा त्याला देऊ दे.